शहाबादी फरशीला गिऱ्हाईक मिळालं, चादरीला नाही

सेकंड लाइफमध्ये टेक्स्चर विकायच्या खटाटोपाला मी जून २०२३मध्ये लागले. पहिले रुपये बँकेत पडायला पुढच्या वर्षाचा मार्च उजाडला. मधल्या काळात जे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं वाटत राहिलं, ते इथे लिहून ठेवतेय. मी शोधलं तेव्हा मराठीत यावर काहीच हाती लागलं नव्हतं.

आधी हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात. घरच्यांना समजावताना माझी पुष्कळ दमछाक झालेली आहे, त्यामुळे आता पाठ झालंय. सेकंड लाइफ हे अमेरिकेतल्या लिंडेन लॅब या कंपनीने २००३मध्ये सुरू केलेलं ऑनलाइन जग. त्यात जिंकायचं-हरायचं काही नाही. लोक तिथे जमीन घेतात, घरं बांधतात, दुकानं थाटतात, आणि जवळजवळ सगळ्या वस्तू तिथे वावरणारे लोकच बनवतात. घरं बनवणाऱ्यांना बिल्डर म्हणतात. बिल्डरने नवा ठोकळा काढला की त्यावर प्लायवूडचं चित्र असतं. त्याची विटांची भिंत करायची, लाकडी दार करायचं की सतरंजी, हे त्यावर चिकटवलेल्या चित्रावर ठरतं. ते चित्र म्हणजे टेक्स्चर. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भिंतीचा फोटो विकायचा? आणि घेणारं कोण आहे?" प्रश्न चुकीचा नव्हता.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी चादरीचे ग्राफ, म्हणजे विणायच्या नक्षीचे चौकटीतले आराखडे काढायचे. जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या कामात सगळा खेळ रिपीटचा असतो. एक मोर काढला की तो शेजारच्या मोराला कुठे भेटतो, जोड दिसतो का, डोळा नेमका कुठे अडकतो, हे बघत बसायचं. जॉबवर्क कमी होत गेलं तेव्हा पुण्यात गेमच्या कंपनीत असलेला भाचा म्हणाला, "मावशी, तू करतेस तेच लोक टाइल म्हणून विकतात." त्याचं म्हणणं खरं निघालं. टेक्स्चर चारही बाजूंनी स्वतःला जोडलं गेलं पाहिजे, कारण बिल्डर तेच चित्र वीस वेळा शेजारी-शेजारी लावून अख्खी भिंत झाकतो. ज्यांनी कधी ग्राफ, ब्लॉक प्रिंट किंवा टाइल्सचं काम केलंय त्यांना यातली निम्मी वाट आधीच माहीत असते.

खातं उघडायला पैसे लागत नाहीत. पण चित्र आत चढवायला लागतात. १०२४ बाय १०२४ पिक्सेलपर्यंतच्या प्रत्येक चित्राला १० लिंडेन डॉलर. लिंडेन हे तिथलं चलन, अमेरिकी एका डॉलरला साधारण अडीचशे येतात. म्हणजे एक चित्र चढवायला तीन-साडेतीन रुपये. मी सुरुवातीला १० डॉलरचे लिंडेन घेतले. इथे पहिला अडसर आपल्याच कार्डाचा. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड परदेशी व्यवहारासाठी मुळात बंदच असतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करायचं, मर्यादा हजार-दोन हजारांवर ठेवायची आणि काम झालं की परत बंद करायचं. वर बँक परकीय चलनाचं शुल्कही लावते, तेही धरून चाला.

चित्र चढवण्याआधी फुकटात तपासायची सोय आहे आणि ती बऱ्याच जणांना उशिरा कळते. टेक्स्चर निवडायच्या खिडकीत 'लोकल' असा पर्याय असतो. त्यातून आपल्या संगणकावरची फाइल थेट ठोकळ्यावर लावून बघता येते. ती फक्त आपल्याला दिसते आणि एक लिंडेनही लागत नाही. गिंप या चित्रं सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये फाइल सुधारून सेव्ह केली की ठोकळ्यावरचं चित्रही आपोआप बदलतं. मी अजूनही आधी हेच करते. दहा बाय दहा मीटरची भिंत उभी करायची, त्यावर चित्र लावायचं आणि लांब जाऊन उभं राहायचं. जवळून सुंदर दिसणाऱ्या चित्रात एखादा काळा डाग असतो, आणि लांबून तो डाग रांगेत उभ्या शाळकरी पोरांसारखा ओळीने दिसायला लागतो.

आता फोटोंविषयी. हा भाग सविस्तर सांगते, कारण मेहनत सगळी इथेच आहे.

नेटवरून चित्रं उचलायची नाहीत. चोरी हे एक कारण आहेच, पण ज्या साइट फोटो वापरायची परवानगी देतात त्यांच्याही अटी वाचाव्या लागतात. २०१३मध्ये लिंडेन लॅबने आपल्या अटी बदलल्या आणि चढवलेल्या मालावर स्वतःला फार व्यापक हक्क घेतले. तेव्हा सीजीटेक्स्चर्स या त्या वेळच्या मोठ्या साइटने आपली चित्रं सेकंड लाइफमध्ये वापरायला मनाईच केली. अटी पुढच्या वर्षी थोड्या सुधारल्या, पण दुसऱ्याच्या मालावर दुकान उभं केलं तर काय होतं ते तेव्हा पुष्कळांना दिसलं. दुसऱ्या बाजूला पॉली हेवन आणि ॲम्बियंटसीजीसारख्या साइट उत्तम टेक्स्चर कसल्याही अटीविना फुकट देतात. मग आपल्याकडून कुणी का घ्यावं? तर जे तिकडे नाही ते आपल्याकडे असेल तरच. लाल वीट, ओक लाकूड, संगमरवर तिकडे ढिगाने आहे. शहाबादी फरशी, नीळ घातलेला चुना, माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची आतली बाजू हे मला तिकडे दिसलं नाही.

सोलापूरचं ऊन या कामाला शत्रू आहे. भिंतीवर तिरपं ऊन पडलं की प्रत्येक खडबडीत कण सावली टाकतो, आणि ती सावली चित्रात कायमची राहते. मग बिल्डरच्या जगात सूर्य डावीकडे असला तरी सावली डावीकडेच पडते. म्हणून जुलै-ऑगस्टचं ढगाळ आभाळ पकडायचं. आपल्याकडे पाऊस कमी, पण ढग येऊन जातात, आणि तेवढे पुरतात. एरवी सकाळी उजाडल्यावर, ऊन यायच्या आत, नाहीतर गल्लीच्या सावलीतल्या बाजूला. फोन भिंतीला समांतर धरायचा. अगदी जवळ जाऊन रुंद लेन्सने घेण्यापेक्षा चार पावलं मागे जाऊन दुपटीच्या झूमने घ्यायचा, म्हणजे कडा वाकत नाहीत. पहिल्या फोटोत पांढरा कागद धरायचा, रंग नंतर त्यावरून बसवता येतो. आणि टेप लावून मोजायचं. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सेकंड लाइफमध्ये मापं मीटरमध्ये असतात. "ही टाइल दीड मीटरची आहे" असं लिहिलेलं असलं तर बिल्डरचा अर्धा तास वाचतो, आणि तो परत येतो.

भुईकोट किल्ल्याचा तट मला खुणावत होता. तो पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे आणि संरक्षित स्मारकात तिपाई लावायची तर आधी परवानगी काढावी लागते. हातात फोन धरून चार फोटो घेणं वेगळं आणि विक्रीसाठी पद्धतशीर काम करणं वेगळं, म्हणून मी किल्ला सोडला. त्यापेक्षा जुन्या पेठांत फिरले. साखर पेठेत, शुक्रवार पेठेत पाडायला काढलेली घरं दिसतात. मालकाला विचारायचं, फोटो कशासाठी ते सांगायचं आणि एका कागदावर सही घ्यायची. सहीचं नाव काढलं की लोक बिचकतात. एका आजोबांना वाटलं मी बिल्डरची माणूस आहे, म्हणजे खऱ्या बिल्डरची. "जागेचं काय असेल ते माझ्या पोराशी बोल," म्हणाले. शेवटी शेजारच्या तेलुगू अम्मांनी मध्यस्थी केली. "भिंतीचा फोटो काढायलीय ती, काढू दे की. भिंत काय झिजायलीय का?" पुढच्या घरांत मी तेच वाक्य वापरलं आणि ते चाललं.

घरी आल्यावरचं काम गिंपमध्ये. ते फुकट आहे आणि या कामाला पुरतं. फोटो सरळ करून चौकोनी कापायचा. मग ऑफसेट नावाची सोय वापरून चित्र आडवं-उभं अर्ध्याने सरकवायचं. त्याने कडा मधोमध येतात आणि जोड क्रॉससारखा समोर दिसतो. तो क्लोन आणि हील ब्रशने पुसायचा. परत सरकवायचं, परत बघायचं. चित्र आपोआप सीमलेस, म्हणजे जोड न दिसणारं करणारा एक फिल्टरही असतो, पण तो दोन थर एकमेकांत मिसळतो आणि फरशीसारख्या सरळ रेघांच्या चित्रात भुताटकी झाल्यासारखं दिसतं. फरशीत तर जोड सिमेंटच्या सांध्यावरच आणायचा, म्हणजे तो लपवावाच लागत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. चादरीतही रिपीट पट्ट्यावर आणतात, तेच इथे.

सेव्ह करताना मापं २च्या घातातली, म्हणजे ५१२, १०२४, २०४८ अशी. आता २०४८चीही चढवता येतात, पण त्यांना शुल्क जास्त आणि बघणाऱ्याच्या संगणकावर भारही जास्त. भिंतीला १०२४ भरपूर होतं. पीएनजी करताना अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकपणाची माहिती ठेवणारा थर, काढून टाका. तो राहिला की ते चित्र पारदर्शक आहे असं धरलं जातं आणि मागची झाडं भिंतीच्या पुढे आल्यासारखी दिसतात. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, एक तारा देऊन निघून जातं.

२०२३च्या अखेरीस सेकंड लाइफमध्ये पीबीआर मटेरियल, म्हणजे उजेडात खऱ्या वस्तूसारखं दिसणारं मटेरियल, आलं आणि काम वाढलं. आता नुसता रंग देऊन भागत नाही. उंचसखलपणाचा नॉर्मल मॅप लागतो, आणि कुठे चकाकी, कुठे खरखरीत हे सांगणारं आणखी एक चित्र. त्या चित्रात लाल रंगात सांदीकोपऱ्यांची सावली, हिरव्यात खरखरीतपणा, निळ्यात धातूचा अंश भरायचा असतो. मटेरियलाइझ नावाच्या फुकट प्रोग्रॅमने हे जमतं. नॉर्मल मॅप ओपनजीएल पद्धतीचा ठेवा. उलटा झाला की खाचा उंचवटे दिसतात. शहाबादी फरशीत हे सगळं फार शोभून दिसतं, कारण मधला चालून चालून गुळगुळीत झालेला भाग चमकतो आणि कडा तशाच राहतात. जुनी, रंगासोबत नॉर्मल आणि स्पेक्युलर (चकाकीचं चित्र) यांवर चालणारी पद्धतही अजून चालू आहे, म्हणून मी दोन्ही संच देते. कंटाळवाणं आहे, पण जुनी घरं विकणारे बिल्डर खूप आहेत.

दुकान. मार्केटप्लेस नावाची वेबसाइट आहे, तिथे दुकान उघडायला भाडं नाही, विक्रीवर १० टक्के कमिशन जातं. आपल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे तिथल्या आपल्या सामानात, मार्केटप्लेस लिस्टिंग्ज नावाचा फोल्डर असतो, त्यात माल ठेवून किंमत आणि वर्णन लिहायचं. सेकंड लाइफच्या आत जागा भाड्याने घेऊन भिंतीवर नमुने टांगता येतात, त्याचं आठवड्याला भाडं बसतं. मी ते केलेलं नाही आणि पहिल्या वर्षी कुणी करू नये असं मला वाटतं.

परवानग्यांचा प्रश्न मात्र नीट समजून घ्या. प्रत्येक वस्तूला तिथे तीन परवानग्या असतात: नक्कल करणं, बदलणं आणि दुसऱ्याला देणं. बिल्डर तुमची फरशी लावून घर विकणार, म्हणून त्याला तिन्ही हव्या असतात. आणि तिन्ही दिल्या की तो तुमचा संच तसाच्या तसा दुसऱ्याला देऊ शकतो, तांत्रिक अडकाठी काही नाही. म्हणून प्रत्येक संचात अटींचा कागद टाकतात, त्याला नोटकार्ड म्हणतात. माझ्या कागदावर चार ओळी आहेत: बनवलेल्या वस्तूवर लावून विका, सुटं चित्र विकू नका, फुकटही देऊ नका, टेक्स्चरचा संच म्हणून पुढे देऊ नका, शंका असेल तर मला लिहा. मूळ फोटो, तारखेसकट, मी वेगळ्या डिस्कवर ठेवलेत. कुणी माल उचललाच तर अमेरिकी कायद्याप्रमाणे डीएमसीए, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची, तक्रार करायची असते आणि तेव्हा हेच पुढे करावे लागतात. वेळ अजून आलेली नाही.

पहिला संच मी चादरीचा केला होता. येतं तेच आधी करणार ना! ओळखीच्या कारखान्यात मास्तरांना सगळं समजावलं. ते म्हणाले, दुसऱ्याची चालू डिझाइन घेऊ नका, तुमचा स्वतःचा जुना ग्राफ घ्या. मी तसंच केलं, विणलेल्या कापडाचे फोटो घेतले. नावाचाही विचार करावा लागला. सोलापूर चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, ते नाव इथल्या खऱ्या मालाचं. फोटोवर ते छापून विकणं मला पटेना, म्हणून 'जकार्ड कॉटन, भौमितिक' असं कोरडं नाव दिलं. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी तो संच लावला, २९९ लिंडेनला. दिवाळी गेली, डिसेंबर आला, मोजून दोन-तीन विकले गेले असतील.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत पोरांना पाळण्यात बसवून मी खाली उभी होते आणि फोनवर सारखं विक्रीचं पान उघडत होते. त्याच सुमाराला शहाबादीचा संच लावला होता. तो हलायला लागला. मग निळ्या चुन्याची पोपडे आलेली भिंत लावली, ती त्याहून पुढे गेली. कारण नंतर एका जर्मन बाईंनी लिहिलं तेव्हा कळलं. चादर एका पलंगाला एकदा लागते आणि पलंग बनवणारे आपापलं कापड स्वतः करतात. भिंत आणि जमीन प्रत्येक घराला लागते. आणि त्यांच्याकडे नव्या कोऱ्या भिंतींचा सुकाळ आहे, माणसं राहून गेलेली भिंत मिळत नाही. त्या बाईंनी पुढे विचारलं, कोपरा फुटलेली फरशी आहे का? आमच्याकडे तिची काय कमी!

आता पैसे. विकलेले लिंडेन आधी तिथल्याच लिंडेक्स नावाच्या बाजारात विकून डॉलर करायचे. नव्या खात्याला विक्रीची मर्यादा असते. मग डॉलर बाहेर काढायचे, पेपाल किंवा स्क्रिलवर. लिंडेन लॅबचा पैशांचा व्यवहार २०१९पासून टिलिया नावाच्या कंपनीकडे आहे आणि पैसे काढण्याआधी ओळखपत्र द्यावं लागतं. इथे बायकांनी विशेष लक्ष द्या. माझ्या पॅनवर माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, म्हणजे आद्याक्षरांचं. नशीब असं की २०२३च्या जूनमध्ये पॅन-आधार जोडायची मुदत संपत होती, हजार रुपये दंड भरून सगळा गाव रांगेत होता, आणि नावं जुळत नाहीत म्हणून माझं जोडणं अडलं. त्या निमित्ताने विवाह नोंदणीचा दाखला काढला, पॅनदुरुस्तीचा अर्ज केला, त्याचे १०७ रुपये भरले आणि बँकेत केवायसी परत दिलं. हे सगळं फोटो काढण्याच्या आधी सुरू करा. भिंत थांबते, कागद थांबत नाहीत. दाखल्यासाठी लग्नाची पत्रिका लागते, ती शोधायला आईकडे जावं लागलं.

भारतातल्या पेपाल खात्यात पॅन, बँक खातं आणि पैसे कशाचे आहेत ते सांगणारा पर्पज कोड द्यावा लागतो. आलेले डॉलर तिथे साठवता येत नाहीत, रुपये होऊन आपोआप बँकेत जातात. वाटेत प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं कापलं जातं, म्हणून मी दर महिन्याला न काढता तीन महिन्यांचं एकदम काढते. परदेशातून पैसे आल्याचा दाखला, एफआयआरए, डाउनलोड करून ठेवा. सीएंनी तो मागितला, आणि उत्पन्न व्यवसायाखाली दाखवायला सांगितलं. जीएसटी नोंदणी लागेल का म्हणून मी धास्तावले होते. सेवांची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर लागत नाही, म्हणाले, आणि माझे आकडे बघून हसले.

आकडे सांगते. पहिल्या महिन्यांत हजार लिंडेनसुद्धा नाहीत, म्हणजे चार डॉलरच्या आत. मार्च २०२४मध्ये पहिल्यांदा काढले ते रुपयांत दीड हजाराच्या आसपास भरले. आता महिन्याला नऊ ते चौदा हजार लिंडेन होतात, रुपयांत तीन-साडेचार हजार. यात घर चालत नाही. पोराची शिकवणी निघते. ग्राफचं काम मी सोडलेलं नाही.

सध्या माळवदाच्या आतल्या बाजूचा संच करतेय, तुळया आणि धुराने काळी झालेली लाकडं. छताचा फोटो जमिनीवर आडवं पडून घ्यावा लागतो आणि डोळ्यांत माती पडते, तेव्हा चष्मा घाला. टाइल अडीच मीटरची होईल, कारण तुळयांमधलं अंतर तेवढं भरतं. किंमत ३९९ ठेवावी की ४४९, ते अजून ठरायचंय.